शिपायाचा तनखा आणि राष्ट्राची तटस्थता



ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी नावाचे गाव आहे. आज ते मोठे शहर आहे. १७९४ साली ती एका किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेली लहानशी वस्ती होती. तेथे निघणाऱ्या वर्तमानपत्राच्या २५ जानेवारी १७९४ च्या अंकात एक जाहिरात छापून आली. मिसिसिपी नदीवरील स्पेनची ठाणी जिंकून घेण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत, असा तिचा आशय. मोबदला काय? एका मोहिमेपुरती चाकरी करील त्याला एक हजार एकर जमीन. वर्षभर राहील त्याला दोन हजार. दोन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत राहील त्याला तीन हजार. एका मोहिमेपुरते येणाऱ्याला जमीन नको असेल, तर रोजचा एक डॉलर. शिवाय कायदेशीर लुटीत सर्वांना सारखा वाटा. जाहिरात दिली होती जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांनी, आणि त्यांनी आपला हुद्दा लावला होता फ्रेंच सैन्याच्या मेजर जनरलचा.

या जाहिरातीतील विपरीतपणा पाहा. मोहीम निघायची अमेरिकेच्या भूमीवरून, भरती व्हायची अमेरिकन नागरिकांची, सेनापतीही अमेरिकन. परंतु ज्या स्पेनवर चालून जायचे त्याच्याशी अमेरिकेचे युद्ध नव्हते, आणि ज्या फ्रान्सच्या निशाणाखाली जायचे त्याच्या लढाईपासून आपण अलिप्त आहोत, असे अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी नऊ महिन्यांपूर्वी साऱ्या जगाला सांगून टाकले होते. त्याच ओहायोच्या प्रदेशात तेव्हा अमेरिकेची स्वतःची फौजही होती. तिच्यातील साध्या शिपायाचा पगार महिना तीन डॉलर. परक्याच्या नावाने जे तीन दिवसांत मिळायचे, ते आपले सरकार महिनाभराने देत होते!

तटस्थता हा शब्द आपण परराष्ट्रखात्याचा समजतो, आणि शिपायाचा तनखा ही बाब हिशेबनिसाची समजतो. माझे म्हणणे असे की, अमेरिकेच्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या पस्तीस वर्षांत या दोन गोष्टी एकाच खातेवहीच्या दोन बाजू होत्या. आपल्या नागरिकाला ‘तुझी तलवार दुसऱ्याच्या कामी लावू नकोस’ असे बजावण्याचा अधिकार राज्याला कशाने येतो? कायद्याने येतो, हे खरेच. पण त्या तलवारीचे जुने देणे ज्या राज्याने बुडवले, त्याच्या तोंडी हा कायदा शोभत नाही, आणि चालतही नाही.

हे देणे कसे थकले ते आधी पाहू. स्वातंत्र्ययुद्धात काँग्रेसने शिपायाला महिना सहा डॉलर आणि वर दोन-तृतीयांश डॉलर ठरवला होता. आकडा वाईट नव्हता. वाईट होते ते डॉलर. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तेरा राज्यांकडे मागणी करायची आणि वाट पाहायची, एवढेच तिच्या हाती. म्हणून तिने कागदी नोटा छापल्या, आणखी छापल्या, आणि १७८० च्या मार्चमध्ये तिला स्वतःच कबूल करावे लागले की असे चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर. जोसेफ प्लम मार्टिन हा कनेक्टिकटचा पोरगा वयाच्या पंधराव्या वर्षी फौजेत शिरला आणि युद्ध संपेपर्यंत राहिला. त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी १८३० साली छापल्या गेल्या. तो सांगतो की १७७७ च्या ऑगस्टनंतर त्याला पगार म्हणून काही मिळाले असेल, तर ते १७८१ साली व्हर्जिनियाकडे कूच करताना, एका महिन्याचे रोख नाणे. तेही फ्रेंच सेनापती रोशाम्बोच्या खजिन्यातून उसने घेतलेले! याच कुचाच्या शेवटी यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली. तोच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला.

उपाशी शिपाई किती दिवस गप्प राहणार? १ जानेवारी १७८१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी छावणी सोडून निघाल्या. इंग्रज सेनापतीने संधी साधून त्यांच्याकडे दोन हेर पाठवले आणि थकलेला पगार आम्ही देतो, असे आमिष दाखवले. शिपायांनी ते हेर धरून आपल्याच सरकारच्या हवाली केले आणि ते फासावर गेले. हा प्रसंग विसरू नये. पगार थकला म्हणून माणूस लगेच विकला जातो, असे नाही. शिपाई आधी आपल्या धन्याच्याच दारात धरणे धरतो. धन्याने दारच उघडले नाही, तर मग तो दुसरीकडे पाहतो.

अधिकाऱ्यांना काँग्रेसने १७८० मध्ये तहहयात अर्ध्या पगाराचे वचन दिले होते. त्याला पैसा यायचा कोठून? आयात मालावर पाच टक्के जकात बसवावी, अशी योजना निघाली. तिला तेराही राज्यांची संमती हवी होती, आणि ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्याने १७८२ च्या नोव्हेंबरात नकार दिला. मार्च १७८३ मध्ये हडसन नदीकाठच्या न्यूबर्गच्या छावणीत निनावी पत्रके फिरू लागली. देणे चुकते होईपर्यंत शस्त्रे खाली ठेवू नयेत, असा त्यांचा रोख होता. १५ मार्चला वॉशिंग्टन स्वतः सभेत गेले. त्यांनी भाषण केले. पण भाषणापेक्षा परिणाम झाला तो एका लहान गोष्टीचा. एक पत्र वाचून दाखवताना अक्षर लागेना, तेव्हा त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि देशाच्या सेवेत केस पांढरे झाले, आता दृष्टीही जात चालली, अशा अर्थाचे काही ओशाळल्यासारखे बोलले. अनेक अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि बंड तेथेच विरले. वॉशिंग्टन यांनी आठ वर्षांच्या सेनापतिपदाचा पगार घेतला नव्हता, फक्त खर्चाचा हिशेब दिला होता. म्हणून त्यांच्या त्या चष्म्याला वजन होते.

पण अश्रूंनी थकबाकी फिटत नाही. काँग्रेसने अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत देण्याचे ठरवले. शिपायांना जूनमध्ये रजा देऊन घरी धाडले. त्यांच्या हातात काय होते? स्वतःची बंदूक, जी त्यांना ठेवून घेण्याची परवानगी मिळाली. तीन महिन्यांच्या पगाराची, अर्थमंत्री रॉबर्ट मॉरिस यांनी स्वतःच्या पतीवर काढलेली हुंडी. आणि बाकीचे पुढे सर्टिफिकेटाने देऊ, असे आश्वासन. २१ जूनला फिलाडेल्फियात सुमारे चारशे शिपायांनी सरकारी इमारतीला वेढा घातला. तेव्हा जगाला स्वातंत्र्याचा मंत्र देणारी काँग्रेस गाव सोडून प्रिन्स्टनला निघून गेली. वर्षभरात, १७८४ च्या जूनमध्ये, तिने सारी फौज मोडून तोफा-दारूगोळ्याच्या राखणीपुरती ऐंशी माणसे ठेवली. पुढच्या साली शेवटचे लढाऊ जहाजही विकून टाकले.

हाती आलेल्या सर्टिफिकेटांचे शिपायांनी काय केले? विकली. घरी कर तुंबलेला, सावकार दारात. रुपयाचा कागद दोन आण्यांना जावा, अशा भावाने ती सट्टेवाल्यांच्या पेटीत गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारने याच कर्जरोख्यांचे व्याज भागवण्यासाठी शेतकऱ्यावर जबर कर बसवले. म्हणजे ज्याने कागद मातीमोलाने विकला, त्यानेच आता त्या कागदावरचे व्याज भरायचे! १७८६ च्या उठावाचा पुढारी डॅनिएल शेज हा याच युद्धातील कॅप्टन होता. लाफायेतने दिलेली तलवारही त्याला विकावी लागली, असे सांगतात. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा उडाल्या आणि चार माणसे पडली. कालचा शिपाई तोफेच्या एका बाजूला, कालचाच शिपाई दुसऱ्या बाजूला.

त्यानंतर नवी घटना आली, नवे सरकार आले आणि त्याच्या हाती जकातीचे उत्पन्न आले. १७९० मध्ये प्रश्न निघाला की जुने रोखे फेडायचे ते कोणाला? हॅमिल्टन म्हणाले, आज ज्याच्या हाती कागद आहे त्याला. हस्तांतराचा करार पवित्र आहे, तो मोडला तर पुढे आपल्याला कोण कर्ज देईल? मॅडिसन म्हणाले, सट्टेवाल्याला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि उरलेले मूळ शिपायाला द्या. प्रतिनिधिगृहात मॅडिसन यांची सूचना छत्तीस विरुद्ध तेरा मतांनी पडली. हॅमिल्टन यांच्या बाजूला व्यवहार होता, हे मी नाकारीत नाही. अॅम्स्टरडॅमच्या पेढ्यांत अमेरिकेची पत वाढली ती त्यामुळेच. परंतु राज्याची पत दोन ठिकाणी असते. एक सावकाराच्या चोपडीत, दुसरी शिपायाच्या मनात. पहिली १७९० मध्ये सावरली. दुसरीचा विचार तसाच राहून गेला.

जखमींसाठी मात्र तरतूद होती. राज्यांनी मान्य केलेली त्यांची पेन्शने केंद्राने १७८९ मध्येच आपल्या अंगावर घेतली. १७९२ च्या कायद्याने नव्या अर्जांची तपासणी न्यायाधीशांकडे सोपवली आणि तिच्यावर युद्धमंत्र्याचा फेरविचार ठेवला. न्यायाधीश म्हणाले, आमच्या निर्णयावर मंत्री बसणार असेल, तर हे न्यायाचे कामच नव्हे. तत्त्व थोर होते. अमेरिकेच्या घटनेचे विद्यार्थी हेबर्नचा खटला म्हणून ते आजही अभ्यासतात. पण ज्या विल्यम हेबर्नच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते, तो बिचारा दाराशी अर्ज घेऊन उभा होता, हेही ध्यानात ठेवावे. पुढच्या वर्षी काँग्रेसला कायदा बदलावा लागला.

चालू फौजेची स्थिती याहून बरी नव्हती. १७९० च्या कायद्याने शिपायाला महिना तीन डॉलर मिळत आणि त्यातून कपडे व औषधपाणी यांसाठी एक डॉलर कापला जाई. अशा पगारावर जी माणसे मिळाली, ती घेऊन सेंट क्लेअर सेनापती ओहायोच्या रानात गेला. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी तेथील आदिवासी टोळ्यांनी त्याचा असा धुव्वा उडवला की सहाशेहून अधिक माणसे मेली. तेव्हा कुठे १७९२ मध्ये कपात बंद झाली. पगार मात्र तीन डॉलरच राहिला.

आता क्लार्ककडे परत येऊ. हा कोणी भाडोत्री गुंड नव्हता. १७७८ च्या ४ जुलैच्या रात्री कॅस्कॅस्कियाचे ठाणे त्याने घेतले. १७७९ च्या फेब्रुवारीत गुडघ्यापासून छातीपर्यंत आलेल्या गार पुराच्या पाण्यातून पावणेदोनशेच्या आतबाहेर माणसे नेऊन त्याने व्हिन्सेन्स जिंकले, तेव्हा त्याचे वय होते सव्वीस. फौजेच्या दाणागोट्यासाठी व्हर्जिनियाची तिजोरी रिकामी, म्हणून त्याने स्वतःच्या सहीने माल उचलला. युद्ध संपल्यावर व्हर्जिनियाने पावत्या मागितल्या. पावत्या पाठवल्या होत्या, त्या सापडेनात. मग देणेकऱ्यांनी सही करणाऱ्यालाच धरले. वाट्याला आलेली जमीनही नावावर ठेवण्याची सोय राहिली नाही, कारण ठेवली की जप्ती. असा हा माणूस १७९३ च्या प्रारंभी स्वतः होऊन फ्रेंच वकिलाला लिहितो की लुइझियाना मी तुम्हाला जिंकून देतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सचा नवा वकील जेने चार्ल्सटनला उतरला. तो बंदरोबंदी जहाजांना लुटीचे परवाने वाटू लागला. २२ एप्रिलला वॉशिंग्टन यांनी तटस्थतेचा जाहीरनामा काढला. पण जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. गिडियन हेन्फील्ड नावाच्या अमेरिकन खलाशाला फ्रेंच लुटारू जहाजावर चाकरी केल्याबद्दल पकडले. फिलाडेल्फियाच्या पंचांनी जुलैमध्ये त्याला निर्दोष सोडले. फिलाडेल्फिया तेव्हा राजधानी होती. तिच्याच बंदरात एक पकडलेले इंग्रज जहाज तोफा चढवून सजवले गेले आणि सरकार नको म्हणत असता समुद्रावर निघून गेले. अडवायला सरकारजवळ एकही लढाऊ गलबत नव्हते. केंटकीचे गव्हर्नर शेल्बी यांना क्लार्कची मोहीम थांबवा असे कळवले, तेव्हा त्यांनी जानेवारी १७९४ मध्ये उत्तर दिले ते मासलेवाईक आहे. नागरिकाने राज्य सोडून जाणे गुन्हा नाही. बरोबर हत्यार नेणे गुन्हा नाही. मग केवळ मनातल्या हेतूसाठी मी कोणाला कसा धरू?

केवळ पगार थकला म्हणून केंटकीची माणसे क्लार्ककडे वळली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मिसिसिपीचे मुख स्पेनच्या ताब्यात होते आणि केंटकीचे धान्य-तंबाखू बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. ते दुखणे खरे होते. १७९५ च्या तहाने नदी मोकळी झाली, तेव्हाच ते शमले. पण जमिनीचे आमिष, रोजचा एक डॉलर आणि देशाने फसवलेला सेनापती यांची जोड त्या दुखण्याला मिळाली, म्हणूनच त्याची मोहीम होऊ लागली.

सरकारने काय केले? तीन गोष्टी केल्या. २४ मार्च १७९४ रोजी अध्यक्षांनी या मोहिमेविरुद्ध जाहीरनामा काढला. अँथनी वेन या सेनापतीला हुकूम गेला, आणि ओहायोच्या खालच्या अंगाला मॅसॅक येथे किल्ला उभारून वाट अडवण्यात आली. रोज एक डॉलर मिळवू पाहणाऱ्यांना अडवायला महिना तीन डॉलरवाले उभे राहिले! आणि ५ जून १७९४ रोजी तटस्थतेचा कायदा झाला. परक्या राजाची सनद घेणे, त्याच्यासाठी माणसे भरती करणे, जहाज सजवणे, स्नेहातील राष्ट्रावर स्वारीची तयारी करणे, हे सारे गुन्हे ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि भारी दंड. जहाज जप्त झाले, तर खबर देणाऱ्याला अर्धा वाटा. गव्हर्नर शेल्बींच्या शंकेला हे उत्तर होते, कारण आता तयारी हाच गुन्हा झाला.

खरे सांगायचे तर क्लार्कची मोहीम या कायद्यापूर्वीच मोडली होती. कशाने? पैशानेच. अमेरिकेवर फ्रान्सचे युद्धकालीन कर्ज होते. त्याचे हप्ते आगाऊ मिळतील आणि त्यातून मोहीम चालवू, असा जेनेचा हिशेब. हॅमिल्टन यांनी नकार दिला. पॅरिसने जेनेला परत बोलावले, आणि त्याच्या जागी आलेल्या वकिलाने सनदा रद्द केल्या. क्लार्कच्या डोक्यावर व्हर्जिनियाच्या कर्जाबरोबर फ्रान्सच्या मोहिमेचाही खर्च बसला. दोन प्रजासत्ताकांची चाकरी केली आणि दोघांनीही हात वर केले.

कायदा १८०० मध्ये कायमचा झाला. परंतु त्याची अंमलबजावणी सोपी झाली नाही. १८०६ मध्ये मिरांडाची व्हेनेझुएलावरील स्वारी न्यूयॉर्कहून निघाली. तिला मदत केल्याबद्दल बंदराचा एक अधिकारी, विल्यम स्मिथ, याच्यावर खटला झाला. तोही स्वातंत्र्ययुद्धातला कर्नल, वॉशिंग्टन यांच्या तालमीतला. पंचांनी त्यालाही सोडले. १८१२ चे युद्ध संपल्यावर १८१५ मध्ये फौज दहा हजारांवर आणली गेली, आणि बाल्टिमोरचे बेकार खलाशी व जहाजमालक दक्षिण अमेरिकेतील बंडखोर सरकारांच्या निशाणाखाली स्पेनची जहाजे लुटू लागले. पुन्हा तेच चित्र. युद्ध संपले, माणूस मोकळा झाला आणि परक्याच्या निशाणाने त्याला हात दिला.

आणि मग येते १८१८ साल. त्या वर्षी १८ मार्चला काँग्रेसने पेन्शनचा कायदा केला. स्वातंत्र्ययुद्धात केंद्राच्या फौजेत नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत चाकरी केलेला आणि आता गरिबीत असलेला शिपाई जखमी नसला तरी त्याला महिना आठ डॉलर, अधिकाऱ्याला वीस. तेहेतीस दिवसांनी, २० एप्रिलला, तटस्थतेचे जुने-नवे नियम एकत्र करून पक्का कायदा झाला. त्याची मुख्य कलमे अमेरिकेच्या कायद्यात आजही आहेत. हे दोन कायदे कोणी एका योजनेने केले, असे माझे म्हणणे नाही. ते निरनिराळ्या कारणांनी झाले. पण इतिहासाने ते शेजारी ठेवले आहेत, आणि शेजारी ठेवून वाचले की त्यांचा अर्थ लागतो. एक कायदा म्हणतो, तुझ्या शस्त्रावर माझा हक्क आहे. दुसरा म्हणतो, तुझ्या म्हातारपणाची जबाबदारीही माझी आहे.

अर्जांचा असा पूर लोटला की सरकार घाबरले आणि १८२० मध्ये हुकूम निघाला की प्रत्येकाने कोर्टात येऊन आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. आपला जोसेफ मार्टिनही गेला. वय एकोणसाठ, बायको संधिवाताने आजारी. यादीत काय? अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. ज्याने राष्ट्र उभे केले, त्याने राष्ट्रापुढे उभे राहून आपले दारिद्र्य मोजून दाखवायचे! ही अट १८२८ आणि १८३२ च्या कायद्यांनी सुटली. पुढे विधवांनाही पेन्शन मिळाली. या युद्धातील शिपायाची शेवटची पेन्शनदार विधवा १९०६ मध्ये वारली. देणे उशिरा सुरू झाले, पण एकदा सुरू झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले.

क्लार्कला यातले काही लाभले नाही. १८०९ मध्ये त्याला अर्धांगवायू झाला, पाय कापावा लागला. १८१२ मध्ये व्हर्जिनियाने त्याला वर्षाला चारशे डॉलर आणि एक मानाची तलवार दिली. १३ फेब्रुवारी १८१८ रोजी, पेन्शनचा कायदा होण्याच्या महिनाभर आधी, तो वारला. आणि त्या हरवलेल्या पावत्या? त्या १९१३ मध्ये रिचमंडला सरकारी हिशेबखात्याच्या जुन्या कागदांत सापडल्या. हजारो कागद जागच्या जागी होते. व्हर्जिनियाने त्या नीट शोधल्या असत्या, तर कदाचित सिनसिनाटीच्या वर्तमानपत्रात ती जाहिरात आलीच नसती.

मित्रहो, राष्ट्राची तटस्थता परराष्ट्रमंत्र्याच्या मेजावर लिहिली जाते हे खरे. पण ती पाळली जाते नदीकाठच्या एखाद्या किल्ल्यात, तीन डॉलरच्या शिपायाकडून. आणि ती मोडली जाते तीही बहुधा अशाच एका शिपायाकडून, ज्याच्या पावत्या कोणी शोधल्या नाहीत. म्हणून एखादे राष्ट्र किती शांतताप्रिय आहे हे पाहायचे असेल, तर त्याचे जाहीरनामे वाचावेतच. पण त्याआधी त्याच्या जुन्या शिपायांचे अर्ज कोणत्या कपाटात पडून आहेत, ते विचारावे.